चाकोरी

'चाकोरी' हा शब्द आपण सहसा थोड्या तुच्छतेने उच्चारतो. चाकोरीतले आयुष्य म्हणजे कंटाळवाणे आयुष्य, चाकोरीतला लेखक म्हणजे दुय्यम लेखक. आणि कुणाचा गौरव करायचा झाला की 'चाकोरीबाहेरचा विचार करणारे' हे विशेषण सत्काराच्या प्रत्येक भाषणात ठरलेले. (इतके ठरलेले, की आता ते विशेषणच चाकोरीत पडले आहे.) या शब्दाचा मूळ अर्थ मात्र साधा आहे. कच्च्या रस्त्यावरून गाडीची चाके पुन्हा पुन्हा एकाच जागेवरून गेली की जमिनीत ज्या दोन समांतर, खोल रेघा उमटतात, ती चाकोरी. ज्यांचे बालपण बैलगाडीच्या साठ्यात बसून गेले त्यांना ती सांगावी लागत नाही. आम्हांला मात्र तो विसरलेला अर्थ साठीच्या उंबरठ्यावर, एका डोंगरमाथ्यावर, पुन्हा शिकावा लागला. हकिकत लहानशी आहे. तिच्यामागे लागलेला प्रश्न मात्र आम्हांला अजून सोडत नाही.

आम्ही पाच मित्र. वसईच्या एकाच शाळेच्या एकाच वर्गातून निघालेलो. तरुणपणी आम्ही सह्याद्रीचे बरेच गड पायी चढलो. पाठीवर पडशी, खिशात फुटाणे आणि डोक्यात फारसे काही नाही, असे ते दिवस होते. पुढे नोकऱ्या, लग्ने, मुलांची शिक्षणे, आईवडिलांची आजारपणे यांत डोंगर मागे पडले. आमच्यातला एक शिक्षक झाला. आम्ही त्याला अजून मास्तरच म्हणतो. त्याच्या दोन्ही गुडघ्यांनी गेल्या पाच वर्षांत असहकार पुकारला आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या मित्राकडे जायचे तरी तो आधी जिन्याची चौकशी करतो. गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस आमच्यातल्या दुसऱ्या एकाने, जो बँकेतून निवृत्त होऊन नुकताच एका जीपगाडीचा मालक झाला आहे, त्याने प्रस्ताव मांडला : साताऱ्याच्या वरच्या अंगाला, चाळकेवाडीच्या सड्यावर जाऊ. डांबरी रस्ता संपल्यावर पवनचक्क्यांच्या कडेने कच्ची वाट आहे. अगदी सोपी. लहान पोरानेही गाडी न्यावी इतकी सोपी. मास्तरांना एक पाऊल चालावे लागणार नाही.

त्या 'सोपी' या शब्दावर आमच्यात जाण्याआधीच वाद झाला. आमच्यातल्या वकिलांचे म्हणणे असे, की घाम न गाळता पाहिलेला डोंगर हा पाहिलेला डोंगरच नव्हे. काचेआड बसून माथ्यावर जायचे, खुर्च्या मांडून चहा प्यायचा आणि परत यायचे, यात डोंगराचा काय मान राहिला? ज्या दृश्याची किंमत पायांनी मोजलेली नाही, त्यावर डोळ्यांचा हक्क नाही. हे बोलणे ऐकायला भारदस्त आहे आणि तरुणपणी आम्हीही असेच बोलत होतो. परंतु त्या दिवशी मास्तर शांतपणे म्हणाले, "म्हणजे माझ्या गुडघ्यांनी आता आयुष्यभर घरी बसायचं, असंच ना?" वकील गप्प झाले. कष्टानेच पात्रता येते, हे मत निरोगी माणसांचे मत असते. जगातल्या कितीतरी चांगल्या गोष्टी आम्हांला कष्टावाचून मिळाल्या आहेत. मातृभाषा कष्टावाचून मिळाली, आईच्या हातचे जेवण कष्टावाचून मिळाले. म्हणून ती कमी मोलाची ठरत नाहीत. सोप्या वाटेने जाण्यात कमीपणा नाही, असे ठरवून आम्ही निघालो, आणि या मुद्द्यावर आमचे मत आजही बदललेले नाही.

सातारा मागे टाकून सज्जनगडाच्या पायथ्यावरून रस्ता ठोसेघरकडे चढतो. पाऊस नुकताच ओसरला होता. ठोसेघरचा धबधबा पाहून पुढे चाळकेवाडीला पोहोचलो, तेव्हा माथ्यावर ढग आणि ऊन यांची लपाछपी चालू होती. गेल्या शतकाच्या अखेरीपासून या सड्यावर पवनचक्क्यांची दाटी झाली आहे. त्यांची पाती धुक्यातून बाहेर येतात आणि पुन्हा धुक्यात जातात. डांबर संपले. तांबड्या मातीत दोन रेघा पुढे गेल्या होत्या, त्यांवर गाडी लागली. बँकवाल्या मित्राला चारही चाकांना जोर देणारा तो दांडा ओढून दाखवायचा फार होता. परंतु वाट इतकी सरळ होती, की त्याची गरजच पडेना. तो थोडा हिरमुसला. आम्ही मात्र खिडक्या उघडून बसलो होतो. दोन्ही बाजूंना सोनकीचा पिवळा रंग पसरला होता, मधूनमधून तेरड्याचा गुलाबी, आणि पाणथळ जागी सीतेच्या आसवांची निळी-जांभळी झाक. ज्या मास्तरांनी पाच वर्षांत एकही डोंगर पाहिला नव्हता, ते एकही शब्द बोलत नव्हते. त्यांचा एक हात खिडकीबाहेर होता. त्या हातासाठी तरी आम्ही आलो ते बरे केले, असे वाटले.

मग ते डबके आले.

वाटेच्या एका सखल भागात दोन्ही चाकोऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या. तांबडे, गढूळ पाणी. लांबी असेल पंधरा-वीस पावले. तळ दिसत नव्हता. अशा वेळी काय करायचे असते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. गाडी थांबवायची, एकाने खाली उतरायचे, काठीने खोली पाहायची, तळाशी मोठा दगड नाही ना याची खात्री करायची आणि मग हळू गतीने, चाकोरी न सोडता, सरळ पाण्यातून जायचे. बँकवाल्या मित्राने गाडी थांबवली आणि "काय करू?" असे विचारले. कुणीच उतरले नाही. बूट चिखलात गेले असते. मग गाडीतून कुणीतरी म्हणाले, "अरे, बाजूनं घे ना, गवतच तर आहे." गाडी डावीकडे वळली, सड्यावर चढली, डबक्याला वळसा घालून पलीकडे पुन्हा वाटेला लागली. अर्ध्या मिनिटाचे काम. मागे वळून पाहिले तर फुलांतून दोन काळपट पट्टे गेलेले दिसले, आणि त्यांत लगेच पाणी भरू लागले होते.

पलीकडे थोड्या अंतरावर एक म्हातारे गुराखी घोंगडी पांघरून दगडावर बसले होते. चारपाच म्हशी चरत होत्या. आम्ही थांबलो, तंबाखूची विचारपूस झाली. त्यांनी आमच्या गाडीकडे पाहिले, डबक्याकडे पाहिले आणि अगदी सहज, रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात विचारले, "पाव्हणं, तळ्यातनं गेला असता तर गाडी काय बुडली असती व्हय?"

वकील म्हणाले, "बाबा, खोली कळत नव्हती."

"बरं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने : "आता उद्याच्याला येणारा तुमचाच माग धरणार की. त्याला वाटायचं, वाट हितनंच हाय."

यापलीकडे ते काही बोलले नाहीत. नंतर म्हशींविषयी बोलले, पावसाविषयी बोलले. आम्ही कडेपर्यंत गेलो, चहा घेतला, पश्चिमेकडच्या डोंगररांगा पाहिल्या, आणि उजेड असताना साताऱ्याला मुक्कामी परतलो. परतताना त्याच डबक्याशी गाडी आपणहून त्याच वळशाकडे गेली. माग तयारच होता.

रात्री जेवताना विषय निघालाच. वकिलांनी आमच्या वतीने बचाव मांडला, आणि तो ऐकण्यासारखा होता. पहिला मुद्दा असा, की तेथे मनाई करणारा फलक नव्हता, पहारेकरी नव्हता. दुसरा असा, की ज्या सड्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांच्यासाठी रस्ते खणले गेले, अवजड वाहने वर चढली, त्या सड्यावर आमच्या एका गाडीच्या दोन चाकोऱ्यांचा हिशेब मांडणे हे हत्ती गेल्यावर शेपटाला धरून बसण्यासारखे आहे. तिसरा मुद्दा सर्वांत बळकट : आम्ही वळसा घातला नसता तरी दुसऱ्या कुणीतरी घातलाच असता. म्हणजे आमच्या करण्या न करण्याने जगात काही फरक पडत नाही. जेथे फरक पडत नाही तेथे दोष कसला?

फरक पडत नाही, हा युक्तिवाद जुना आहे, आणि त्याचा विचार गंभीरपणे झालेला आहे. जोनाथन ग्लोव्हर या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९७५ साली याच विषयावर एक निबंध लिहिला. त्यात त्याने एक कल्पित प्रसंग रचला आहे, तो आम्ही आपल्याकडच्या ताटांत वाढून सांगतो. एका गावात शंभर माणसे जेवायला बसली आहेत. प्रत्येकाच्या ताटात वालाचे शंभर दाणे. शंभर सशस्त्र दरोडेखोर येतात आणि प्रत्येक जण एकेका माणसाचे ताट पळवतो. गाव उपाशी राहते. पुढे त्या दरोडेखोरांना पश्चात्ताप होतो. एखाद्याचे आख्खे ताट पळवणे त्यांना क्रूर वाटू लागते. म्हणून पुढच्या आठवड्यात ते येतात, तेव्हा प्रत्येक दरोडेखोर प्रत्येक ताटातला फक्त एक दाणा उचलतो. एक दाणा गेल्याने कुणाची भूक वाढत नाही. तेवढा फरक कुणाला जाणवतही नाही. प्रत्येक दरोडेखोर छातीवर हात ठेवून सांगू शकतो, की मी कुणाचेही जाणवण्याइतके नुकसान केलेले नाही. फक्त शेवटी सगळी ताटे रिकामी असतात.

डेरेक पार्फिट या दुसऱ्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९८४ सालच्या आपल्या ग्रंथात हा धागा पुढे नेला. आपली कृती एकटी काढून तराजूत घालू नका, असे त्याचे सांगणे. ती ज्या अनेक कृतींच्या समूहाचा भाग आहे, त्या समूहाने मिळून काय केले ते विचारा. त्याच्याही पुष्कळ आधी, १७८५ साली, कांटने सांगून ठेवले होते, की आपण ज्या नियमाने वागतो तो सर्वांचा नियम व्हावा अशी इच्छा आपल्याला करता आली पाहिजे. प्रत्येक मराठी घरातली आई हेच "सगळ्यांनी असंच केलं तर?" एवढ्या चार शब्दांत सांगते, आणि तिला कुणी तत्त्वज्ञ म्हणत नाही.

परंतु मास्तरांना ही परदेशी ताटे फारशी भावली नाहीत. ते म्हणाले, "आपल्याकडे यासाठी जुना शब्द आहे. बांधकोऱ्या." नांगरणीच्या वेळी शेजाऱ्याच्या बांधाला फाळ हळूच लावायचा आणि बांधाची मूठभर माती आपल्याकडे ओढायची. दरवर्षी मूठभरच. भांडण करण्याइतकी ती कधीच नसते. मोजणीदाराच्या साखळीत ती सापडत नाही. वीस वर्षांनी शेजाऱ्याचे एक तास आपल्या शेतात आलेले असते. मराठी शेतकऱ्याने या पापाला स्वतंत्र नाव दिले, ते उगाच नव्हे. मोठ्या चोराशी भांडता येते. बांधकोऱ्याशी भांडायला गेले तर भांडणाराच क्षुद्र ठरतो.

येथे सड्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण वकिलांचा 'गवतच तर आहे' हा मुद्दा (तो शब्द त्यांचाच होता असे आम्ही म्हणत नाही, त्याकडे पुढे येऊ) सड्याच्या अज्ञानावर उभा आहे. सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याच्या थरांचा. माथ्यावर त्याचा जांभा झाला. त्या जांभ्यावर माती किती? काही ठिकाणी चार बोटे, काही ठिकाणी दोन, काही ठिकाणी खडकाच्या खळग्यात चिमूटभर. पावसाळ्याचे चार महिने ती माती पाण्यात बुडालेली असते आणि उन्हाळ्यात तव्यासारखी तापते. झाडे तेथे तग धरीत नाहीत. म्हणूनच ती जागा या बुटक्या फुलांना सापडली. त्या मातीत अन्न इतके कमी असते, की तेथल्या काही वनस्पतींनी किडे खाण्याचा मार्ग धरला आहे. कवी लोकांना जी सीतेची आसवे म्हणून हळवी वाटतात, ती वनस्पती आपल्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून पचवते. दवबिंदू नावाची दुसरी वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरते. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. पुढच्या वर्षीच्या फुलांचे बी, कंद, सारे त्याच दोन बोटे मातीत पडलेले असते. त्यावरून माणसांनी भरलेली दोन टनांची गाडी गेली, की ओली माती दाबली जाते, तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या मिटतात, पाणी मुरायचे थांबते आणि त्या पट्ट्यातून वाहू लागते. वाहताना माती घेऊन जाते. खाली खडकच आहे. दुसरी माती येणार कोठून? डबक्याचेही तसेच. प्रत्येक गाडी कडेने गेली की कड खचते, डबके रुंद होते, आणि पुढच्या गाडीला आणखी लांबून वळसा घालावा लागतो.

अशी जमीन विसरत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४४ या काळात, अमेरिकन सैन्याने कॅलिफोर्निया आणि ॲरिझोना येथील वाळवंटात रणगाड्यांचा सराव केला. त्याला ऐंशी वर्षे होऊन गेली. सराव करणारे बहुतेक सैनिक काळाच्या पडद्याआड गेले. त्या रणगाड्यांच्या पट्ट्यांचे माग काही ठिकाणी अजून स्पष्ट दिसतात. त्याच देशात १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना सरकारी जमिनींवर वाट सोडून फिरणाऱ्या वाहनांसाठी वेगळा आदेश काढावा लागला : कोणत्या वाटा खुल्या, कोणत्या बंद, हे ठरवून द्या. आपल्याकडे साताऱ्याच्या पश्चिमेचे कास पठार पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. फुलांच्या हंगामात तेथे शुल्क आहे, माणसांच्या संख्येला मर्यादा आहे. आमच्या त्या वाटेवर यांतले काही नव्हते. ज्या जागेला पहारेकरी नाही तेथे आपण कसे वागतो, यावरून आपली ओळख होते, असे आमच्या शाळेत सांगत. पहारेकरी असता तर आम्ही उतरलो असतो, यात आम्हांला शंका नाही.

आता एक प्रामाणिक आक्षेप उरतो. फुलांची एवढी काळजी असेल, तर गाडी घेऊन वर जायचेच कशाला? घरीच बसावे. याला आमचे उत्तर तयार आहे, आणि ते उत्तर म्हणजेच चाकोरी. त्या दोन रेघांत आता काही उगवत नाही. ती जमीन गेलेली आहे. परंतु ती गेली आहे म्हणूनच सगळे त्यावरून गेले तर बाकीचा सडा वाचतो. चाकोरी हा न लिहिलेला करार आहे. आधी गेलेल्यांनी, नंतर येणाऱ्यांनी आणि त्या जमिनीने मिळून केलेला : नुकसान होईल, पण एवढ्याच रुंदीत होईल. गुडघे दुखणाऱ्या मास्तरांना फुले पाहता यावीत यासाठी जमिनीने दोन हात रुंदीची किंमत आधीच चुकती केली आहे. आम्ही ती किंमत पुन्हा एकदा, विनाकारण, बूट स्वच्छ राहावेत म्हणून वसूल केली.

स्वित्झर्लंडच्या डोंगरांत टोर्बेल नावाचे एक गाव आहे. त्या गावाच्या १५१७ सालच्या कागदात एक नियम लिहिलेला आहे : हिवाळ्यात आपल्या घरच्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसता येतील, त्याहून अधिक गाई कुणीही उन्हाळ्यात डोंगरावरच्या सामाईक कुरणात पाठवू नयेत. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीने आपल्या अभ्यासात या गावाचा आवर्जून विचार केला. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सामाईक म्हणजे कुणाचेच नाही आणि म्हणून ते उद्ध्वस्त होणारच, असा एक निराश सिद्धान्त १९६८ पासून फार लोकप्रिय होता. ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिले, की माणसे आपसांत करार करून सामाईक गोष्टी शतकानुशतके जपू शकतात, फक्त करार मोडणारा कोण हे सर्वांना दिसले पाहिजे. चाळकेवाडीच्या त्या म्हाताऱ्या बाबांनी ते दाखवण्याचेच काम केले होते. नोबेल समितीला त्यांचा पत्ता असण्याचे कारण नाही.

आणि आम्ही वसईची माणसे, आम्हांला हे सगळे नवीन असण्याचे तर मुळीच कारण नव्हते. आमच्या वाडीला लागून एक बावखल होते. वसईत अशी बावखले ठिकठिकाणी होती. पावसाचे पाणी त्यांत साठायचे, जमिनीत मुरायचे, विहिरींना गोडवा द्यायचे, वाड्यांना पाणी पुरवायचे. आमचे बावखल कुणी एका रात्री बुजवले नाही. कुणाच्या घराचे जुने प्लास्टर निघाले, ते कडेला पडले. कुणी गोठा पाडला, त्याच्या विटा पडल्या. आमच्या स्वतःच्या घराची मोरी नवी केली, तेव्हा निघालेल्या राबिटाच्या चार पाट्या कोठे गेल्या, हे आम्हांला ठाऊक आहे. चार पाट्यांनी बावखल बुजत नाही. बुजले तेव्हा सगळी आळी हळहळली. जो तो विचारत होता, हे कुणी केले?

येथे आमच्या भाषेने आम्हांला एक सोय करून ठेवली आहे, तिचा कबुलीजबाब दिला पाहिजे. या लेखात आम्ही पहिल्यापासून 'आम्ही' म्हणत आलो आहोत. जुन्या लेखकांची ती रीत आहे, म्हणून कुणाला खटकलेही नसेल. परंतु त्या गाडीत "बाजूनं घे" असे म्हणणारा आवाज एकाचा होता. त्या रात्री आम्ही पाचही जणांनी आठवून पाहिले. तो आवाज कुणाचा, हे कुणालाच आठवेना. वकिलांना वाटले मास्तरांचा, मास्तरांना वाटले मागच्या सीटवरून आला. बँकवाला म्हणाला, मी फक्त चाक वळवले. 'आम्ही वळलो' असे म्हटले की पाचही जण त्या शब्दाच्या छत्रीखाली कोरडे राहतात. दरोडेखोरांचेही असेच झाले असणार. प्रस्तुत लेखकाला, म्हणजे आम्हांला, रात्री अंथरुणावर पडल्यावर तो आवाज हळूहळू ओळखू आला. तो आमचाच होता.

सकाळी चहाच्या वेळी आम्ही ते सांगितले. कुणी फारसे काही बोलले नाही. मास्तर म्हणाले, "मग परत जाऊ या." घरी निघायचे सोडून आम्ही पुन्हा ठोसेघरचा घाट चढलो. विचार असा होता, की वळशाच्या तोंडाशी दगड मांडावेत, म्हणजे पुढच्या गाडीला ती वाट नाही हे कळेल. पोहोचून पाहतो तर आमच्या मागावरून आणखी एक गाडी गेलेली. टायरची नक्षी वेगळी होती.

दगड मांडणेही सोपे निघाले नाही. सड्यावरचे सुटे दगड उचलायला आम्ही वाकलो, तर पहिल्याच दगडाखाली एक विंचू आणि कसली तरी बारीक अंडी. तो दगड आम्ही जसाच्या तसा परत ठेवला. सड्यावर त्या जीवांना दुसरे छप्पर नाही. शेवटी मागे डांबरी रस्त्याच्या कडेला बांधकामातून उरलेल्या दगडांचा ढीग दिसला होता, तेथून सातआठ दगड गाडीत घालून आणले आणि वळशाच्या दोन्ही तोंडांशी ठेवले. कालचे बाबा दिसले नाहीत. ते दगड आज तेथे असतील की कुणी बाजूला सारले असतील, सांगता येत नाही. आणि दाबली गेलेली माती त्यांनी वर येणार नाही, हेही आम्हांला माहीत होते.

कडेपर्यंत आलोच आहोत तर एकदा जाऊन येऊ, असे बँकवाला म्हणाला. गाडी डबक्यापाशी थांबली. उतरायला आम्ही दार उघडतो तोच मास्तर पलीकडच्या दाराने खाली उतरलेले. पॅंटची टोके दुमडून, एका हाताने गाडीचा आधार घेत, दुखऱ्या गुडघ्यांनी ते चाकोरीतून पाण्यात शिरले आणि आपली चालण्याची काठी पुढे रोवत, एकेक पाऊल टाकत पलीकडे गेले. मध्यावर थांबून त्यांनी काठी वर काढली आणि आम्हांला दाखवली. वीतभर ओली झाली होती.